शंभर टक्के ऐकू येते

हे लिहीत असताना माझा राग पुरता निवळलेला नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढील मजकुरात कोठे कोठे त्याची धग वाचकांस लागण्याचा संभव आहे, आणि ती लागू नये म्हणून मी काही विशेष खटपट केलेली नाही. उभी हयात महसूल खात्यात, आणि तीतही बराच काळ अभिलेखांच्या खोलीत काढल्यामुळे, हाती आलेला कागद पहिल्या ओळीपासून सहीशिक्क्यापर्यंत वाचल्याखेरीज खाली ठेवायचा नाही, अशी एक खोड मला जडली आहे. घरच्या मंडळींच्या थट्टेचा विषय झालेली हीच खोड माझ्या नातीच्या कामी आली. ज्या गृहस्थांनी चारचौघांदेखत मला 'आजोबा, तुम्हाला यातलं कळायचं नाही' असे सुनावले, त्यांनीच दिलेल्या कागदातील वैगुण्य या खोडीमुळे उघडकीस आले.

रेवाच्या, म्हणजे माझ्या या नातीच्या, दोन्ही कानांतील दोष जन्मजात आहे. तो कसा कळला, बेरा नावाची तपासणी कोठे झाली, डॉक्टर काय म्हणाले आणि नातेवाईक काय म्हणाले, ही कहाणी असे मूल असलेल्या प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून ती येथे देत नाही. इतकेच सांगणे अवश्य आहे की, तिचा दोष सरसकट नाही. ऑडिओग्रामच्या डाव्या बाजूस, २५० आणि ५०० हर्ट्झच्या जाड स्वरांत, तिला ३५-४० डेसिबलला ऐकू येते. उजवीकडे जावे तसतशी रेघ खाली उतरत जाते आणि ४००० हर्ट्झला ती ७५ च्याही खाली पोचते. आता बोलण्यातील आ, ऊ, ओ हे स्वर आणि म, न, ब ही व्यंजने यांचा भर खालच्या-मधल्या पट्टीत असतो. स, श, आणि फ, ख, थ यांतील श्वासाचा अंश यांचा जीव वरच्या पट्टीत, आणि तोही मोठा क्षीण. परिणामी अशा मुलाला हाक मारली तर ते वळून पाहते, ढोल वाजला तर नाचते, आणि तरीही समोरचा माणूस काय बोलला यातील निम्मे त्याच्या पदरात पडत नाही. अशा मुलाला बहिरे म्हणावयास कोणी धजत नाही, आणि त्याला ऐकू येते असे म्हणावे तर ते खरे नसते. या दोहोंमधील अंधाऱ्या पट्ट्यातच पुढचा सारा प्रकार घडला.

जिल्ह्याच्या गावी असलेल्या एका केंद्रातून आम्ही श्रवणयंत्रांची जोडी घेतली. (केंद्राचे नाव मी देत नाही, दाव्याफिर्यादीची भीती नाही, पण वर्तमानपत्री भांडणाची हौस या वयात उरलेली नाही.) पहिले काही महिने समाधानाचे गेले. रेवा जो जो नवा शब्द उच्चारील तो तारीखवार टिपून ठेवण्याचा परिपाठ सूनबाईने ठेवला होता, आणि तिची वही भरत चालली होती. पुढे यंत्रे शिट्टी वाजवू लागली. रेवा घास चावताना, हसताना, आईच्या कुशीत शिरताना एक बारीक कर्कश चीत्कार उठे, आणि घरी आलेला माणूस दचके. त्याचे कारण आम्हांला मागाहून समजले, पण त्या धंद्यात पडलेल्या कोणालाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो. कानाच्या मापाने केलेला साचा, ज्याला सगळे मोल्ड म्हणतात, तो ढिला पडतो, आणि त्याच्या कडेने निसटलेला आवाज पुन्हा यंत्राच्याच मायक्रोफोनात शिरून शिट्टी उठते. यावर उपाय म्हणजे नवे माप घेऊन नवा साचा करणे. केंद्रचालकांनी तसे केले नाही. त्यांनी यंत्र संगणकाला जोडले, दोनचारदा माऊस टकटकवला, आणि शिट्टी थांबल्याचे पाहून 'घ्या! गेली की नाही?' म्हणून आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

शिट्टी गेली हे खरे. परंतु शिट्टी वरच्या स्वरांतच वाजत असल्यामुळे ती घालविण्याचा सर्वांत बिनकष्टाचा मार्ग म्हणजे यंत्राने वरच्या स्वरांना द्यावयाची वाढ कापून टाकणे हा होय, आणि त्यांनी तोच पत्करला होता, हे त्या दिवशी कोणी आम्हांस सांगितले नाही. रेवाचा दोष नेमका त्याच स्वरांत आहे, हे त्यांच्या दप्तरी असलेल्या आलेखावर मात्र स्पष्ट दिसत होते.

त्यानंतर सूनबाईच्या वहीची पाने रिकामी राहू लागली. आमच्या घरी 'तू जेवलीस का', 'तू कुठे गेली होतीस' असेच बोलतात. परंतु क्रियापदाच्या शेवटी टेकलेला तो इवलासा 'स' रेवाच्या तोंडी काही केल्या बसेना. सशाला ती 'अआ' म्हणे, आणि दुरुस्त केले तर आपल्या ओठांकडे टक लावून पाही. सूनबाईने हे केंद्रात जाऊन सांगितले. तिला मिळालेले उत्तर मी शब्दशः देतो, कारण ते ऐकावयास मी शेजारीच होतो: 'मॅडम, मशीन एकदम ओके आहे. मुलीचं लक्ष नसतं. आणि घरी रोज घालता ना नक्की?' शेवटचा प्रश्न ज्या स्वरात विचारला गेला, तो स्वर मी कचेरीत पुष्कळदा ऐकलेला आहे. खातेदाराची तक्रार खरी आहे हे जाणणारा कर्मचारी खातेदारावरच उलटतो तेव्हा तो असाच बोलतो.

आम्ही हटत नाही असे पाहून त्यांनी चाचणी घेतली. रेवाला समोर बसवून, तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळून, ते 'बाहुली दाखव', 'चेंडू दाखव', 'मांजर दाखव' असे मोठ्याने, एकेक अक्षर चघळत म्हणत गेले. तक्त्यावरील चित्रे ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने शब्द आले. तोंड तर पूर्ण उघडे. रेवाने सगळी चित्रे बरोबर दाखविली. लगेच छापील कागदावर 'यंत्रासह वाक्-आकलन : १०० टक्के. प्रतिसाद उत्तम' असे लिहून, त्याखाली वळणदार सही ठोकून, तो कागद आमच्या हाती देण्यात आला. त्याबरोबरच एक सल्लाही मिळाला: हे मॉडेल आता जुने झाले असून, मुलीचे भले व्हावे असे वाटत असेल तर जास्त चॅनलांची नवी जोडी घ्यावी, जिची किंमत पाऊण लाखाच्या घरात होती. ज्या यंत्राने शंभर टक्के ऐकू येते असे आताच लेखी कळविले, ते बदलण्याचे प्रयोजन काय, असे मी विचारले. तेव्हाच 'आजोबा, तुम्हाला यातलं कळायचं नाही' हे उद्गार निघाले.

तो कागद पुढे आम्हांला फार जाचक झाला. बालवाडीच्या बाईंनी तो वाचला आणि 'रिपोर्ट तर उत्तम आहे, मग ही मुद्दामच करते' असा निष्कर्ष काढला. मागच्या रांगेत बसलेली रेवा गोष्ट ऐकताना चुळबुळ करी, तिला त्याबद्दल बोलणी बसू लागली. आमचेच एक आप्त म्हणाले की, एकुलती एक म्हणून पोरीचे लाड होतात. एवढ्याशा मुलीच्या अंगी हट्टीपणा, दुर्लक्ष, आळस असे सगळे दुर्गुण एका कागदाच्या बळावर चिकटविण्यात आले, आणि तिच्या आईच्या माथी वहिमीपणा.

मी तो कागद रात्री चष्मा लावून वाचला. त्यात आवाज किती डेसिबलचा होता ते नव्हते. तोंड झाकले होते की उघडे होते, शब्द प्रत्यक्ष बोलले की ध्वनिमुद्रित ऐकविले, कोणत्या भाषेतील कोणती यादी वापरली, किती चित्रांतून निवड करावयाची होती, उजव्या कानाची परीक्षा निराळी आणि डाव्याची निराळी झाली काय, खोली शांत होती की पंखा चालू होता, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. पंच नाहीत, चतुःसीमा नाही, वेळ नाही, असा पंचनामा आमच्याकडे आला असता तर शिपायानेदेखील तो परत पाठविला असता.

पुण्यातील एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो ते त्यानंतर. त्यांनी कागद पाहिला, काही बोलल्या नाहीत, आणि रेवाशी खेळावयास बसल्या. रेवाच्या हातात एक मणी देऊन त्यांनी तो कानाशी धरावयास शिकविले. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. मग त्यांनी भरतकामाचे लाकडी कडे उचलले. त्यावर स्पीकरला लावतात तसले विरळ काळे कापड ताणून बसविले होते, ज्यातून आवाज अडत नाही, ओठ मात्र दिसत नाहीत. ते तोंडापुढे धरून त्या साध्या आवाजात म्हणाल्या, 'आ'. मणी पडला. 'ऊ', पडला. 'म', पडला. 'ई', जरा विलंबाने पडला. 'श' म्हटल्यावर रेवाने बाईंच्या कपाळाकडे पाहिले, मग आईकडे पाहिले, आणि अंदाजाने मणी टाकला. बाई थोडा वेळ स्तब्ध राहिल्या आणि पुन्हा 'श' म्हणाल्या, तेव्हा मणी पडला नाही. मग 'स'. रेवा मणी कानाशी धरून बसली. बाईंनी पुन्हा म्हटले. रेवा बसलीच होती, पाठ ताठ, मान किंचित पुढे, डोळे त्या काळ्या कापडावर खिळलेले, आणि हातातील मणी घामाने ओला झालेला. तिचे लक्ष नसते असे ज्यांनी सांगितले होते, त्यांनी ते लक्ष येऊन पाहावे. माझ्या म्हाताऱ्या कानांना तो 'स' ऐकू येत होता. सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढे बाईंनी चार चित्रे मांडली: हात, भात, दात आणि ७ चा आकडा. चारही शब्दांत स्वर तोच आणि शेवटचा 'त' तोच. फरक काय तो पहिल्या व्यंजनाचा. बाहुली, चेंडू आणि मांजर या शब्दांची घडण इतकी भिन्न की नुसता स्वरांचा चढउतार कानी पडला तरी हुशार मूल अचूक बोट ठेवते. येथे तसा आधार नव्हता. कापडाआडून 'सात दाखव' म्हटले, तिने हात दाखविला. 'दात' म्हटले, भात दाखविला. क्रम बदलून बदलून विचारले, आणि बरोबर उत्तरे साधारण तितकीच आली जितकी डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याची येतील, म्हणजे चारांत एक. मग बाईंनी कडे खाली ठेवले आणि तेच शब्द तोंड दाखवून म्हटले. भात तत्काळ बरोबर आला, कारण 'भ' म्हणताना ओठ मिटतात. तो शंभर टक्क्यांचा अहवाल रेवाच्या कानांचा नव्हता, तो तिच्या डोळ्यांचा आणि तिच्या अकलेचा होता. त्याबद्दल तिचे कौतुक करावे तेवढे थोडे; परंतु त्या कागदावर तो कानांच्या नावे लिहिला होता.

यानंतर यंत्राची तपासणी झाली. कानात साच्याच्या कडेने केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी सरकवितात, तिच्या दुसऱ्या टोकास मायक्रोफोन असतो, आणि यंत्र लावलेले असताना कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्षात किती आवाज पोचतो ते संगणकावर रेघेने उमटते. त्यासाठी जो आवाज लावतात तो मोठा चमत्कारिक असतो: निरनिराळ्या सहा भाषा बोलणाऱ्या सहा स्त्रियांच्या बोलण्याचे तुकडे जोडून केलेले अर्थहीन बोलणे, जेणेकरून तो कोण्या एका भाषेचा राहू नये. रेवा ते ऐकून हसू लागली. संगणकाच्या पडद्यावर मात्र हसण्यासारखे काही नव्हते. जितका आवाज मिळावयास हवा त्याच्या खुणा एका ओळीत मांडलेल्या होत्या. डावीकडे यंत्राची रेघ त्या खुणांना धरून चालली होती, मध्यापासून ती ढासळली, आणि पुढे तर रेवाच्या श्रवणमर्यादेच्याही खाली गेली. अर्थात त्या स्वरांपुरते यंत्र कानात असूनही नसल्यासारखे होते.

याखेरीज एक गोष्ट अशी घडली की जिच्यामुळे सूनबाईच्या डोळ्यांतील पाणी परतले. हल्लीची यंत्रे रोज किती तास चालू होती याची नोंद स्वतःच ठेवतात. बाईंनी ती नोंद काढली. दिवसाकाठी सरासरी दहा तासांच्या वर निघाली. 'घरी रोज घालता ना नक्की?' या प्रश्नाचे उत्तर ज्या यंत्रात बसलेले होते, ते यंत्र प्रश्नकर्त्यांनी आपल्याच संगणकाला अनेकदा जोडले होते.

बाईंनी नवे माप घेतले, मऊ सिलिकॉनचे नवे साचे आले, कापलेली वाढ परत दिली गेली, आणि शिट्टी वाजली नाही. यंत्रे तीच. रेवा आता कापडाआडून सात आणि हात यांत चुकत नाही. दात आणि भात यांत मधूनमधून गल्लत होते, 'स' अजून जिभेवर नीट आलेला नाही, आणि वाया गेलेल्या महिन्यांची भरपाई कशी व्हावयाची हे बाईंनीही छातीठोकपणे सांगितलेले नाही.

मी खुलासा विचारण्यास त्या केंद्रात गेलो. 'शिट्टीची तक्रार तुमचीच होती ना? मी तक्रार दूर केली,' हे पहिले उत्तर. 'एवढं बारीक लहान मुलांचं कोणी बघत नाही,' हे दुसरे. यंत्रात केलेल्या बदलांची छापील नक्कल मागितली, तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंट निघत नाही, असे सांगण्यात आले. पुण्यात ती माझ्यादेखत निघाली होती. भारतीय पुनर्वास परिषदेकडील श्रवणतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा 'बोर्डावर आहे' म्हणून त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरविले. बोर्डावर तो नव्हता. मी बाहेर उन्हात उभा राहून बोर्ड दोनदा वाचला.

आता इतरांच्या उपयोगी पडावे असे जे काही या प्रकरणातून हाती लागले, ते मांडतो.

शिट्टी वाजू लागली की प्रथम साचा पाहावा. तान्ह्या मुलाचा साचा दोनतीन महिन्यांतही बदलावा लागतो. मूल मोठे होईल तशी मुदत वाढते, पण शाळेच्या वयापर्यंत वर्षातून एकदोनदा माप देण्याची तयारी ठेवावी. कोणी संगणकावर शिट्टी घालवून देऊ लागला, तर 'वरच्या स्वरांत किती कपात केली' हे तेथल्या तेथे विचारावे आणि आकडा लिहून घ्यावा. एरवी गोड बोलणारी माणसे या प्रश्नावर कशी बिथरतात ते पाहण्यासारखे असते.

चाचणीच्या वेळी तोंड झाकण्याचा आग्रह धरावा. कडे नसेल तर कागद चालेल, पण तो तोंडापासून किंचित दूर आणि तिरपा धरावा, नाहीतर आवाजच दबतो. शब्दांचा क्रम बदललेला असावा. चित्रे किती होती हे माहीत असल्याखेरीज टक्केवारीला अर्थ नाही. दोन चित्रांतून निवड करावयाची असेल तर काहीही न ऐकणारे मूलदेखील पन्नास टक्के मिळविते. शब्द जवळजवळ सारखे हवेत, आणि मुलाच्या घरच्या बोलीतले हवेत. आम्ही यंत्रे घेतली त्या केंद्रात दुसराही एक तक्ता होता, तो हिंदी होता. ज्या मुलाने वांगे कधी 'बैंगन' म्हणून ऐकलेले नाही, त्याची ती परीक्षा कानाची होत नाही. त्याचप्रमाणे लहान मुलाकडून शब्द वदवून घेण्यापेक्षा चित्र दाखवून घ्यावे, कारण ज्याची जीभ 'साप'ला 'थाप' म्हणते त्याने ऐकले काय आणि उच्चारले काय हे वेगळे करता येत नाही. परीक्षा निदान दोन पातळ्यांवर व्हावी: ६५ डेसिबल म्हणजे समोर बसून सहज बोलावे तितके, आणि ५० म्हणजे हलक्या आवाजातले. मुले जग शिकतात ती पुष्कळदा त्यांना उद्देशून न बोललेल्या, पलीकडच्या खोलीतून येणाऱ्या बोलण्यावरून. आणि ते बोलणे ५० च्या आसपासचे असते.

नळी घालून केलेले मोजमाप, ज्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, ते तेथे होते काय हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे. मुलाच्या कानाची पोकळी प्रौढाच्या मानाने लहान, म्हणून तेच यंत्र मुलाच्या कानात अधिक दाब उत्पन्न करते. यासाठी संगणकाने सुचविलेले सरासरी आकडे, ज्यांना ही मंडळी 'फर्स्ट फिट' म्हणतात, ते तसेच ठेवून भागत नाही. मुलांसाठी आवाज किती असावा हे ठरविण्याची सूत्रे आहेत. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठाचे डीएसएल आणि ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेचे एनएएल ही त्यांतील मुख्य. यांपैकी कोणते वापरले, एवढा प्रश्न टाकला तरी समोरचा माणूस कोणत्या पाण्यातला आहे ते समजते. बंद खोलीत यंत्र लावून काढलेल्या आलेखाने भुलू नये. त्यावरून हलक्यात हलका कोणता आवाज ऐकू आला एवढेच कळते. नेहमीचे बोलणे कानात कसे पोचते, ते कळत नाही.

घरी रोज सकाळी यंत्र लावल्यावर सहा ध्वनी म्हणावेत: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग यांच्या नावाने ही चाचणी जगभर ओळखली जाते. मुलाच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून, आणि दोन ध्वनींमध्ये मुद्दाम कमीजास्त थांबून म्हणावेत, नाहीतर मूल ताल धरून मणी टाकते. 'स' जोर लावून फुत्कारू नये. काल ऐकू आलेला ध्वनी आज आला नाही तर सेल, साच्यातील मळ किंवा नळीतले पाणी, याच क्रमाने तपासावे. सेल झिंक-एअर जातीचे असतात. वरची रंगीत पट्टी सोलल्यावर मिनिटभर हवा खाऊ देऊन मग बसवावेत. लहान मूल असलेल्या घरात सेलच्या झाकणाला कुलूप असलेले यंत्र मागावे, आणि मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक इस्पितळ गाठावे. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

शाळेत पहिल्या रांगेची मागणी करावी. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, एवढे गणित शिक्षकांना पटते. रागाने सांगितलेले पटत नाही, असा माझा अनुभव आहे. बाकी धीर धरावा, मुलादेखत भांडू नये, नातेवाइकांचे ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे, हे सर्वजण सांगतात आणि तेही बरोबरच आहे, जरी मला स्वतःला त्यातले शेवटचे साधलेले नाही.

जाण्यास ठिकाणे आहेत. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे निघाली आहेत, आणि ऐपत नसणाऱ्यांस केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्रे मिळू शकतात. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवावा. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये श्रवणतज्ज्ञाची नोंदणी आवश्यक असते. तो क्रमांक मागण्यात उद्धटपणा काही नाही, आणि खऱ्या तज्ज्ञाला त्याचा राग येत नाही. पुण्याच्या बाईंनी तो न मागता पावतीवर लिहून दिला.

त्या केंद्राकडे मी रीतसर अर्ज केला आहे. चाचणी किती डेसिबलवर घेतली, तोंड झाकले होते काय, शिट्टी घालविताना वरच्या स्वरांत किती कपात केली, आणि नवी जोडी कोणत्या मोजमापाच्या आधारे सुचविली, अशी चार कलमे त्यात आहेत. अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठविला होता. पोचपावती आली आहे. उत्तर आलेले नाही.